हुद्दा आणि अखत्यार

जून २०१८ मध्ये केंद्र सरकारने सहसचिवपदाच्या दहा जागा सनदी सेवेबाहेरील व्यक्तींना खुल्या करणारी जाहिरात काढली, तेव्हा जो वाद माजला तो आरक्षणाचा, सनदी सेवेच्या प्रतिष्ठेचा आणि सरकारच्या हेतूंचा होता. त्या गदारोळात जाहिरातीतील एका साध्या शब्दप्रयोगाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अर्जदाराचे वय किमान चाळीस वर्षांचे आणि अनुभव किमान पंधरा वर्षांचा असावा, एवढे सांगून झाल्यावर जाहिरात असेही म्हणत होती की, खाजगी कंपन्या, सल्लागार संस्था आणि बहुराष्ट्रीय संघटना यांत ‘तुल्य पातळीवर’ काम करणाऱ्या व्यक्तींनाही अर्ज करण्याची मुभा आहे. आता सहसचिव कोणत्या पातळीचा अधिकारी, हे दिल्लीच्या कोणत्याही मंत्रालयातील शिपायालाही विचारावे: त्याच्या खाली संचालक आणि उपसचिव, त्याच्या वर अतिरिक्त सचिव आणि सचिव, सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात त्याची जागा चौदाव्या स्तरावर, आणि त्याच्या सहीने कोणती फाइल कोठवर जाते हेही बहुतांशी ठरलेले. परंतु सल्लागार संस्थेतील ‘प्रिन्सिपल’ त्याच्या तोलाचा, की ‘असोसिएट पार्टनर’, की नुसता ‘डायरेक्टर’, याचा निवाडा कोणत्या मापाने करावयाचा? पुढील वर्षी लोकसेवा आयोगाने नऊ जणांची निवड केली आणि त्यांच्यापुरता तो प्रश्न मिटला. तो मुळातून सुटला असे मात्र नाही.

हाच प्रश्न मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात, लोअर परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत आणि गुरुग्रामात, सरकारी जाहिरातीचा मान न मिळताही, नित्य विचारला जातो. तिशी ओलांडलेला एखादा अभियंता किंवा सनदी लेखापाल, पुढे व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेऊन सल्लागार संस्थेत पाच-सहा वर्षे काढलेला, सोमवारी पहाटे निघणाऱ्या आणि गुरुवारी रात्री परतणाऱ्या विमानांना विटलेला, आता एखाद्या उत्पादक कंपनीत, बँकेत किंवा औषधांच्या व्यवसायात स्थिर होऊ पाहतो. वेतनाचा आकडा बहुधा जुळून येतो, आणि बोलणी अडतात ती पदनामावर. सल्लागार संस्थेत तो ‘एंगेजमेंट मॅनेजर’ होता, कंपनी त्याला ‘सीनियर मॅनेजर’ करू म्हणते, मित्र बजावतात की ‘जनरल मॅनेजर’च्या खाली अजिबात येऊ नकोस, आणि ज्यांची उभी हयात सरकारी बँकेत गेली ते सासरे, जावईबापूंना अवघडल्यासारखे होऊ नये अशा बेताने, मुलीकडे चौकशी करतात की हे ‘असोसिएट व्हाइस प्रेसिडेंट’ म्हणजे आमच्या ‘एजीएम’च्या वर की खाली. या सर्वांच्या बोलण्यात एक समजूत गृहीत धरलेली असते, ती ही की, दोन्हीकडच्या पदनामांचे कोठेतरी एक कोष्टक असून डावीकडच्या रकान्यातील नाव उजवीकडच्या रकान्यात शोधले म्हणजे काम झाले. असे कोष्टक नाही, आणि ते नसण्याचा दोष कोणाच्या आळसाकडे जात नाही. दोन्ही ठिकाणची पदनामे दोन भिन्न वस्तू मोजतात, असे माझे मत आहे: सल्लागाराचे पदनाम माणूस कितपत तयार झाला आहे ते सांगते, आणि उद्योगातील पदनामाने त्याच्या हवाली काय केले आहे ते सांगणे अपेक्षित असते.

सल्लागारी व्यवसायातील पायऱ्यांचा उगम पाहिला म्हणजे हा भेद ध्यानात येतो. शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवणारे जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ मध्ये आपली संस्था काढली खरी. पण तिला आजचे वळण लावले ते १९३३ मध्ये तीत रुजू झालेल्या मार्व्हिन बॉवर या वकिलाने. बॉवर क्लीव्हलँडच्या एका नामांकित वकिली पेढीतून आले होते, आणि कारखानदाराला सल्ला देणाऱ्या माणसाने वकिलाच्या रुबाबाने आणि वकिलाच्याच निःस्पृहतेने वागले पाहिजे, अशी त्यांची ठाम धारणा होती. त्यामुळे गिऱ्हाइकाला ‘क्लायंट’, संस्थेला ‘फर्म’ आणि मालकीत वाटा असणाऱ्याला ‘पार्टनर’ म्हणावयाचे, हा सारा सरंजाम वकिलीतून उचलला गेला. त्याच्या जोडीने न्यूयॉर्कच्या बड्या वकिली पेढ्यांतील, पॉल क्रॅव्हॅथ यांच्या नावाने ओळखला जाणारा, आणखी एक रिवाज आला: ठरावीक मुदतीत वरची पायरी गाठावी, नाही तर सन्मानाने बाहेरची वाट धरावी. पुढे बॉस्टनमध्ये १९६३ साली ब्रूस हेंडरसन यांनी आणि १९७३ साली बिल बेन यांनी आपापल्या संस्था काढल्या, तेव्हा त्यांनी पायऱ्यांची नावे बदलली, रिवाज कायम ठेवला.

जेथे कोणालाही एका पायरीवर फार काळ बसू द्यावयाचे नसते, तेथे पायऱ्या पुष्कळ लागतात आणि त्यांची नावेही भारदस्त लागतात, कारण क्लायंटच्या पन्नाशीतल्या अधिकाऱ्यासमोर अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला उभे करावयाचे असते. शिवाय नावांचा मेळ त्या व्यवसायात आपापसांतही बसत नाही. मॅकिन्झीत ‘असोसिएट’ म्हणजे व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेऊन आलेला. हेंडरसन यांच्या बॉस्टन कन्सल्टिंगमध्ये ‘असोसिएट’ म्हणजे त्या पदवीवाचून आलेला, आणि ती घेऊन आलेल्यास तेथे ‘कन्सल्टंट’ म्हणतात. बेनमध्ये धाकट्याला ‘असोसिएट कन्सल्टंट’ म्हणण्याचा प्रघात आहे. हिशेबतपासनिसांच्या चार मोठ्या संस्थांच्या सल्लागारी शाखांत ‘मॅनेजर’, ‘सीनियर मॅनेजर’ आणि ‘डायरेक्टर’ ही उद्योगात रुळलेलीच नावे वापरतात, आणि त्यामुळे घोटाळा कमी होण्याऐवजी वाढतो. कारण नाव ओळखीचे दिसले की माणूस विचारावयाचे थांबतो.

या पायऱ्यांवर मोजतात ते काय? प्रथम, दिलेला प्रश्न सोडवून त्याचे निष्कर्ष मुद्देसूद मांडता येतात काय; नंतर, तीन-चार जणांच्या तुकडीकडून काम मुदतीत करवून घेता येते काय; नंतर, क्लायंटच्या वरिष्ठांशी एकट्याने बोलता येते काय; आणि सरतेशेवटी, नवे काम आणून संस्थेचे उत्पन्न वाढवता येते काय. यांतील प्रत्येक गोष्ट माणसाच्या अंगची आहे. म्हणूनच एंगेजमेंट मॅनेजर नोकरी सोडून गेला तर सल्लागार संस्थेत जागा रिकामी होत नाही. जागा अशी नव्हतीच, त्याच्याबरोबर त्याची पायरीही निघून गेली, आणि त्या वर्षी बढतीस योग्य ठरलेल्या कोणासाठीही नवी पायरी मांडता येते.

कारखान्यात याच्या अगदी उलट आहे. चाकणच्या किंवा वाळूजच्या एखाद्या कारखान्याचा व्यवस्थापक राजीनामा देऊन गेला, तर माणूस जातो आणि खुर्ची तशीच राहते. त्याच पाळीला बॉयलर पेटलेला असतो, मालाचे ट्रक फाटकाशी उभे असतात आणि कोणाच्या तरी सहीवाचून त्यांतील एकही हलत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने ही रिकामी खुर्ची किती गांभीर्याने घेतली होती ते पाहण्यासारखे आहे. व्यवस्थापक बदलला तर नव्याने कार्यभार घेणाऱ्याचे नाव भोगवटादाराने सात दिवसांत निरीक्षकाला लेखी कळवावे, असे त्यात म्हटले होते. आणि मधल्या काळात कोणाचीच नेमणूक झालेली नसेल, तर जो इसम प्रत्यक्ष व्यवस्थापकाचे काम करताना आढळेल तो, आणि तसाही कोणी आढळला नाही तर भोगवटादार स्वतः, व्यवस्थापक समजला जाईल, अशी तरतूद होती. म्हणजे नेमणूकपत्र असो वा नसो, व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेले असो, अपघात झाला तर कोणाला जाब विचारावयाचा, एवढेच कायद्याला हवे होते.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. पेशव्यांच्या अमदानीत मामलेदाराच्या कचेरीत जे दरकदार असत, त्यांची पदनामे म्हणजे त्यांच्या कामांची यादीच होती: दिवाणाने मामलेदाराच्या पत्रांवर आणि हुकुमांवर आपली सही करावी, मुजुमदाराने तपासल्यावाचून हिशेब फडणिसाकडे जाऊ नये, फडणिसाने कागदांवर तारीख घालून रोजकीर्द ठेवावी, दप्तरदाराने तीवरून खतावणी लिहून दरमहा गोषवारा हुजुरात धाडावा, पोतनिसाने वसूल आणि शिल्लक सांभाळावी, चिटणिसाने पत्रव्यवहार पाहावा. विशेष हे की, यांना कामावरून दूर करण्याचा अखत्यार खुद्द मामलेदाराला नव्हता. तो त्यांचा वरिष्ठ होता, पण त्यांच्या सहीचा धनी नव्हता. कालांतराने ही पदे वंशपरंपरेने चालू लागली, राज्य गेले, कामे गेली आणि नावे आडनावे होऊन राहिली. आज सदाशिव पेठेतील कोणी फडणीस कोणाच्या कागदावर तारीख घालीत नाही, आणि कोणी त्याच्याकडून तशी अपेक्षाही करीत नाही. पण एखाद्या कंपनीत ‘व्हाइस प्रेसिडेंट’ म्हणवून घेणाऱ्याची स्थिती पुष्कळदा त्याहून वेगळी नसते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

आधुनिक कायद्याची भाषा याबाबतीत तर विनोदी वाटावी इतकी काटेकोर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ‘मॅनेजर’ म्हणजे संचालक मंडळाच्या देखरेखीखाली कंपनीचा संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण कारभार पाहणारी व्यक्ती. इतकेच नव्हे, तर त्याच कायद्याच्या १९६ व्या कलमानुसार एकाच वेळी मॅनेजिंग डायरेक्टर आणि मॅनेजर अशा दोघांची नेमणूक करण्याची कंपनीला मुभा नाही. या दृष्टीने पाहिले तर पुण्या-मुंबईच्या लोकलगाड्यांतून आणि कंपन्यांच्या बसगाड्यांतून रोज ये-जा करणारे असंख्य मॅनेजर कायद्याच्या लेखी मॅनेजरच नव्हेत. ‘डायरेक्टर’ची कथा तीच: कायद्याच्या मते डायरेक्टर तो, जो कंपनीच्या संचालक मंडळावर नेमलेला आहे, सल्लागार संस्थेतील डायरेक्टर बहुधा कोणत्याही मंडळावर बसत नाही. बॉस्टन कन्सल्टिंगमध्ये भागीदाराचे पुरे पदनाम ‘मॅनेजिंग डायरेक्टर अँड पार्टनर’ असे असून असे अनेक मॅनेजिंग डायरेक्टर एकाच कार्यालयात सुखाने नांदतात. अमेरिकी गुंतवणूक बँकांत ‘व्हाइस प्रेसिडेंट’ ही ॲनालिस्ट आणि असोसिएट यांच्या वरची केवळ तिसरी पायरी असते, हे ठाऊक नसलेल्या वधूपित्यांची संख्या अजून मोठी असावी. न्यायालयांनी मात्र नावाला कधीच भीक घातलेली नाही. औद्योगिक विवाद कायद्याखाली अमुक इसम कामगार आहे की नाही, असा तंटा उभा राहिला, तेव्हा सीबा-गायगी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या १९८५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते हेच की, माणसाची मुख्य आणि मूळ कर्तव्ये कोणती हे पाहावे. जोडीला चिकटलेली किरकोळ कामे पाहून निर्णय करू नये.

सासऱ्यांच्या प्रश्नाला मात्र योग्य तो मान दिला पाहिजे, कारण त्यांच्या जगात कोष्टक खरोखरच होते. १९६९ मध्ये, पुण्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रसह, चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा प्रत्येक बँकेची पदनामे निराळी, वेतने निराळी आणि बढतीच्या रीतीही निराळ्या होत्या. पिल्लई समितीने या सगळ्याची मोजदाद केली, आणि १९७९ च्या सेवानियमांनी अधिकाऱ्यांची विभागणी एक ते सात अशा सात श्रेणींत केली. त्यानंतर एका बँकेतील चीफ मॅनेजर दुसऱ्या बँकेत कोण, हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही: तो चौथ्या श्रेणीतला, त्याच्या वर पाचव्या श्रेणीत असिस्टंट जनरल मॅनेजर, मग डेप्युटी, मग जनरल मॅनेजर. परंतु हे साधले ते या बँकांचे काम एकच होते म्हणून; शाखा, ठेवी, कर्जे, मंजुरीच्या मर्यादा या सर्व ठिकाणी सारख्याच पद्धतीने मोजता येत होत्या. सल्लागार संस्था आणि सिमेंटची कंपनी यांत असे काही समान नाही.

तुलनेचे एक शास्त्र मात्र उपलब्ध आहे, आणि मोठ्या भारतीय कंपन्यांतील मनुष्यबळ विभाग ते वापरतातही; उमेदवाराला त्याची वार्ता नसते एवढेच. फिलाडेल्फियात १९४३ मध्ये एडवर्ड हेय यांनी जी संस्था काढली तिच्या पद्धतीत पदावर बसणारा माणूस बाजूला ठेवून केवळ पदाला गुण देतात, आणि ते तीन बाबींवर: त्या पदाला ज्ञान आणि कौशल्य किती लागते, किती अवघड प्रश्न त्या पदावरून सोडवावे लागतात, आणि त्या पदावरून घेतलेल्या निर्णयाचा परिणाम किती मोठ्या रकमेवर, किती प्रत्यक्षपणे होतो. सल्लागाराच्या कामाला या मापाने मोजून पाहावे. पहिल्या दोन बाबींत ते बहुतेक कारखानदारी पदांच्या पुढे जाईल, आणि त्यात अन्याय काही नाही. दोन-दोन महिन्यांत एका उद्योगातून दुसऱ्या उद्योगात शिरून तेथील गुंता उकलणे हे खरोखरीच बुद्धीचे काम आहे. तिसऱ्या बाबीत मात्र त्याचा आकडा ढासळतो, कारण त्याने शिफारस केली, निर्णय दुसऱ्याने घेतला, आणि त्या निर्णयाचे फळ दृष्टीस पडण्यापूर्वी तो पुढच्या क्लायंटकडे गेलेला होता. कंपनीने त्याला मनातल्यापेक्षा एक-दोन पायऱ्या खाली बसवले, तर त्यामागे पुष्कळदा हे गणित असते. त्याच्या बुद्धीविषयी तो अभिप्राय नसतो. तो मात्र हटकून तसाच समजतो.

तिसऱ्या बाबीचे महत्त्व ज्यांना अमान्य असेल त्यांनी महाराष्ट्राला दाभोळमुळे तोंडपाठ झालेले एन्रॉनचे नाव आठवावे. त्या कंपनीचे जेफ्री स्किलिंग मॅकिन्झीत भागीदार होते. १९९० मध्ये ते एन्रॉनच्या वित्तव्यवसायाचे प्रमुख म्हणून दाखल झाले, फेब्रुवारी २००१ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, ऑगस्टमध्ये पायउतार झाले, आणि डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पाच वर्षांनी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. त्यांची बुद्धी त्यांच्या शत्रूंनीही नाकारली नव्हती. बुद्धीची पायरी पाहून हवाली केलेला कारभार इतक्या टोकाला जाईलच असे नाही, हे उघड आहे. पण एका बाबीतील उंची पाहून दुसऱ्या बाबीची खात्री बाळगू नये, इतका बोध घ्यावयास ते उदाहरण पुरेसे आहे.

उलट बाजूची उदाहरणे अधिक आहेत आणि मला ती अधिक बोधक वाटतात. लुई गर्स्टनर मॅकिन्झीत अगदी तरुणपणी वरिष्ठ भागीदारीपर्यंत पोहोचले होते. दुसऱ्याच्या टेबलासमोर उभे राहून अहवाल वाचण्याचा त्यांना कंटाळा आला होता आणि टेबलामागच्या खुर्चीवर बसून निर्णय घ्यावा असे वाटू लागले होते, असे त्यांनी आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. म्हणून ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन एक्स्प्रेसमध्ये, कार्डे, प्रवासी धनादेश आणि प्रवास-कार्यालये यांचा चालता धंदा सांभाळावयास गेले, आणि पुढे १९९३ मध्ये आयबीएमची सूत्रे त्यांच्या हाती आली ती असे चालते धंदे सांभाळून मिळवलेल्या कमाईच्या बळावर. सुंदर पिचाई २००४ मध्ये मॅकिन्झीतून गूगलमध्ये गेले ते प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून, आणि त्यांच्या वाट्याला आला तो ब्राउझरवर बसवावयाचा टूलबार. कोणत्याही भारतीय कुटुंबात मिरवण्याजोगी ही गोष्ट नव्हती. पण त्या टूलबारचे बरेवाईट त्यांच्या माथी होते. २००८ मध्ये क्रोम आला, २०१५ मध्ये ते कंपनीचे प्रमुख झाले, आणि कोणत्या पायरीवरून आत आले होते हे विचारण्याचे कोणास कारण उरले नाही.

इंद्रा नूयी यांचे उदाहरण माझ्या मताला थोडे गैरसोयीचे आहे, म्हणून ते वगळणे बरे नव्हे. १९८० पासून सहा वर्षे बॉस्टन कन्सल्टिंगमध्ये काढून त्या मोटोरोलात आणि पुढे एबीबीत गेल्या, १९९४ मध्ये पेप्सिकोत आल्या, आणि या सर्व ठिकाणी त्यांचे काम मुख्यतः व्यूहनीतीचे होते, म्हणजे ज्या जातीच्या पदांविषयी मी सावधगिरी सुचवणार आहे त्याच जातीचे. परंतु पेप्सिकोने १९९७ मध्ये उपाहारगृहांचा धंदा वेगळा काढला, १९९८ मध्ये ट्रॉपिकाना घेतली आणि २००१ मध्ये क्वेकर ओट्स. या व्यवहारांची आखणी जेथून होत होती ते टेबल नूयींचे होते. व्यूहनीतीच्या नावाखाली कोट्यवधी डॉलरांचे सौदे ज्या पदावरून पार पडतात, त्या पदाला पोकळ म्हणता येणार नाही. पोकळ पद ते, जेथे तेच नाव असते आणि सौदा नसतो.

आपल्याकडे अशा पदांचा सुकाळ आहे. मोठ्या घराण्यांच्या उद्योगसमूहांत ‘हेड, स्ट्रॅटेजी’, ‘हेड, ट्रान्स्फॉर्मेशन’ आणि अलीकडे ‘चीफ ऑफ स्टाफ’ ही पदे सल्लागार संस्थांतून येणाऱ्यांसाठी जणू राखून ठेवलेली असतात. त्या पदाला दालन मिळते, प्रत्येक बैठकीचे निमंत्रण मिळते, आणि हाताखाली दोन हुशार मुले मिळतात. मिळत नाही ते एवढेच की, कोणत्याही खात्याच्या प्रमुखाला त्याचे ऐकलेच पाहिजे असे वाटावे. मग हा अधिकारी पूर्वी जे बाहेरून करीत होता तेच आतून करू लागतो, सादरीकरणांवर सादरीकरणे रचतो, आणि दोन-तीन वर्षांत, त्याने सुचवलेल्या योजनांपैकी ज्या सफल झाल्या त्यांचे श्रेय खातेप्रमुखांना आणि ज्या फसल्या त्यांचे अपश्रेय त्याला, असा हिशेब होऊन तो पुन्हा नोकरी शोधू लागतो. याउलट ‘एक्झिक्युटिव्ह असिस्टंट टू मॅनेजिंग डायरेक्टर’ हे नाव कानाला दुय्यम वाटते, तिशीतल्या माणसाने ते घेतले तर घरी चिटणीस झाल्याचा समज होतो, आणि तरीही जेथे मालक कारभारात जातीने लक्ष घालतो तेथे या खुर्चीपुढून न जाणारा महत्त्वाचा कागद विरळा. अशा खुर्चीवरून एखाद्या विभागाची स्वतंत्र जबाबदारी घेऊन बाहेर पडलेली माणसे भारतीय उद्योगांत पुष्कळ दिसतात.

म्हणून पदनाम ही क्षुल्लक बाब आहे, तिच्यासाठी घासाघीस करणारे उथळ, असा उपदेश करणाऱ्यांशी मी सहमत नाही. हा उपदेश करणारे बहुधा स्वतः प्रेसिडेंट असतात. कंपनीत पदनामाला श्रेणी जोडलेली असते आणि श्रेणीला मोटार, विमानातील वर्ग, वैद्यकीय विम्याची मर्यादा, समभागांचा वाटा आणि कोणत्या बैठकीस बोलावणे येणार ते जोडलेले असते. पुढची नोकरी शोधताना भरती करणाऱ्या संस्था प्रथम नावच वाचतात. आणि ज्या समाजात वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात ‘हुद्दा’ हा रकाना असतो, त्या समाजात त्याविषयी विरक्ती दाखवणे ही चैन आहे. माझे म्हणणे इतकेच की, घासाघीस करावयाचीच तर ती श्रेणीवर करावी आणि मॅनेजिंग डायरेक्टरपासून आपण कितव्या पायरीवर आहोत यावर करावी, कारण छापील नाव कंपनीला फुकट देता येते. ज्या वस्तूसाठी देणाऱ्याला काही मोजावे लागत नाही, ती देऊन तो महागड्या वस्तूची मागणी टाळू पाहतो, हे व्यापारी बुद्धीला धरूनच आहे.

आणि उंच नाव फुकट मिळाले तरी त्याची किंमत कोणीतरी मोजतो. पदवी घेऊन ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ म्हणून कारखान्यात लागलेला, तिन्ही पाळ्या केलेला, दोनदा बदली होऊन मुलांच्या शाळा बदलाव्या लागलेला गृहस्थ वीस-बावीस वर्षांनी डेप्युटी जनरल मॅनेजर होतो. आणि एके सकाळी, ज्याने भट्टीची धग फक्त चित्रफितीत पाहिली आहे असा तेहतीस वर्षांचा तरुण जनरल मॅनेजर होऊन शेजारच्या दालनात येतो. तो गृहस्थ तक्रार करीत नाही, बंडाळीही करीत नाही. बैठकीत तो मान डोलावतो आणि कोणता ट्रान्सफॉर्मर पावसाळ्यात दगा देतो, कोणता पुरवठादार मार्चअखेरीस माल अडवतो, कोणत्या पाळीच्या पुढाऱ्याशी आधी बोलून ठेवावे लागते, हे सगळे तो स्वतःपाशी ठेवतो. नवागताची बढाईखोर पायरी त्याला पहिल्या वर्षातच या ज्ञानाला मुकवते. एक पायरी खाली येऊन त्याच गृहस्थाकडे शिकावयास बसलेला माणूस, माझ्या पाहण्यात तरी, लवकर वर गेला आहे. पण हा सल्ला नोकरी देणाऱ्यांना अधिक लागू आहे, कारण उमेदवाराचा लोभ स्वाभाविक असतो आणि कंपनीची उधळपट्टी स्वाभाविक नसते.

मग नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे काय? प्रत्येक बऱ्यापैकी कंपनीत ‘डेलिगेशन ऑफ ऑथॉरिटी’ नावाचे एक कोष्टक असते. सरकारी खात्यांत त्यालाच वित्तीय अधिकारांची पुस्तिका म्हणतात. कोणत्या श्रेणीचा अधिकारी किती रकमेच्या खरेदीला, गिऱ्हाइकाला द्यावयाच्या किती सवलतीला, किती भांडवली खर्चाला आणि कोणाच्या नेमणुकीला एकट्याच्या सहीने मंजुरी देऊ शकतो, हे त्यात रुपयांत लिहिलेले असते, आणि ‘सॅप’सारख्या संगणकप्रणालीत खरेदीची मागणी कोणापाशी येऊन ‘रिलीज’ होते तेही त्यावरूनच ठरते. हा कागद कंपनी परक्याच्या हाती देणार नाही, हे उघड आहे. पण मुलाखतीच्या शेवटी तोंडी विचारण्यास कोणाची हरकत नसते. माझ्या एकट्याच्या सहीने किती खर्च होऊ शकेल. माझ्या नावावर कोणते कॉस्ट सेंटर असेल. माझ्या हाताखालच्यांच्या वार्षिक मूल्यमापनावर अखेरचा शब्द माझा की ज्याच्याकडे ते तुटक रेषेने जोडलेले आहेत त्या दुसऱ्याचा. माझ्यापूर्वी या खुर्चीवर कोण होते आणि ते कोठे गेले. पद नव्याने निर्माण केलेले असेल, तर हे काम आजवर कोण पाहत होते आणि माझ्या येण्याची वर्दी त्यांना दिली आहे काय, हेही विचारावे. या शेवटच्या प्रश्नापाशी समोरचे अधिकारी अडखळले, तर पदनामावरची घासाघीस तेथेच आवरती घेऊन आणखी एक भेट मागून घ्यावी, आणि ती त्या माणसाचीच असावी.